बेस गिटारसाठी ॲम्प आणि बॉक्स: लॉन, जयंती आणि कॉलेजचा हॉल, तिन्हीकडे चालेल असं काय घ्यावं?

गोदाकाठ

सर्वांना नमस्कार, जय भीम. मी परभणीचा. सात वर्षांपासून बेस वाजवतोय. आमची ऑर्केस्ट्रा पार्टी आहे. लग्नसराईत लॉनवर, एप्रिलमध्ये भीमगीतांचे कार्यक्रम, गणपतीत मंडळांपुढे. गेल्या वर्षी संभाजीनगरच्या तीन मुलांबरोबर रॉक बँडही सुरू केला. त्याचे कार्यक्रम कॉलेजच्या हॉलमध्ये नाहीतर एखाद्या कॅफेत होतात.

आजवर माझी लाइन सरळ मिक्सरला जाते. माझा स्वतःचा ॲम्प नाही. स्टेजवर मॉनिटर असतो तो गायकाचा आणि की-बोर्डवाल्याचा, त्यात खर्ज नसतोच. मागच्या महिन्यात सेलूजवळ एका लग्नात गायकाने ऐन वेळी एक पट्टी खाली घेतली. की-बोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटन दाबलं. मला कुणी सांगितलं नाही आणि मला माझा आवाज ऐकूच येत नव्हता. आख्खा मुखडा मी जुन्या पट्टीत वाजवला. खाली बसलेल्यांना कळलं का नाही ठाऊक नाही, पण गायकाने वळून बघितलं तेव्हा जमिनीत गेल्यासारखं झालं. त्या रात्री घरी आल्यावर झोप लागली नाही.

साठ हजार साठवलेत. दुकानदार म्हणतो ५०० वॅटच्या खाली बघूच नका. मित्र म्हणतो १५ इंची घे, १० इंचीतून खर्ज निघत नाही. माझा बेस पाच तारांचा आहे. सामान कधी छोट्या हत्तीत जातं, कधी मी एकटाच एसटीने जातो. काय घेऊ?

जालना साउंड

भाऊ, मी बावीस वर्षं मंडपात साउंड लावतोय, म्हणून आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. लॉनवर शेवटच्या खुर्चीपर्यंत बेस पोचवणं हे तुझ्या ॲम्पचं काम नाही, ते आमचं काम. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एका मीटरवर जेवढा आहे तो ३२ मीटरवर ३० डेसिबलने कमी. हॉलमध्ये भिंती आणि छत आवाज परत देतात, लॉनवर काहीच परत येत नाही, सगळा आभाळात जातो. ते अंतर कापायला आमचे १८ इंची बेस खाली लावलेले असतातच.

तुझा ॲम्प दोन-तीन मीटरसाठी घे. तू, ढोलकीवाला, ऑक्टोपॅडवाला आणि गायक, एवढ्यांना ऐकू आलं की झालं. घेताना मागे डीआय आउट, म्हणजे मिक्सरला सरळ लाइन द्यायचं सॉकेट, आहे का बघ, तीन पिनांच्या कॅनन केबलचा. तिथून मला लाइन दे. आणि डीआयजवळ प्री-पोस्टचं बटन असेल तर प्रीवर ठेव, म्हणजे तुझ्या टोनच्या नॉबच्या आधीचा आवाज मला येतो. पोस्टवर असलं की तू स्टेजवर स्वतःला ऐकू यावं म्हणून लो वाढवतोस आणि तोच लो माझ्या १८ इंचीत येऊन मंडप थरथरायला लागतो.

खर्जातली

गोदाकाठ दादा, मी संभाजीनगरची, सिडकोत राहते. दोन बँडमध्ये बेस वाजवते. तुमचं पट्टीचं वाचून वाईट वाटलं. माझ्याबरोबर अगदी हेच नाही, पण याच्या जवळचं घडलंय. स्वतःचा आवाज न ऐकता बेस वाजवणं म्हणजे डोळे बांधून गाडी चालवणं आहे. ॲम्प घ्यायचं ठरवलंत हे फार योग्य केलंत.

आता वॅटचं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. म्हणून २५० आणि ५०० वॅटमध्ये कान जेमतेम फरक ओळखतो. खरा फरक बॉक्समध्ये आहे. बॉक्सच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, म्हणजे एक वॅट दिल्यावर एका मीटरवर किती डेसिबल. समजा एक बॉक्स ९४ चा आहे आणि दुसरा १०० चा. ९४ च्या बॉक्सला ४०० वॅट दिल्यावर जेवढा आवाज होईल तेवढा १०० चा बॉक्स १०० वॅटमध्येच देतो. दुकानदार हेडवरचा, म्हणजे स्पीकरशिवायच्या नुसत्या ॲम्पवरचा, आकडा दाखवतो कारण तो मोठ्या अक्षरात छापलेला असतो. तुम्ही बॉक्सचा आकडा विचारा. आणि वॅट बघायचेच तर आरएमएस म्हणजे सतत मिळणारे बघा, पीक म्हणजे क्षणभराचे नाही.

१५ इंची का १० इंची, हा वाद मी कॉलेजपासून ऐकतेय. स्पीकरच्या इंचावरून खर्ज ठरत नाही. तो ठरतो बॉक्सचं आतलं माप किती, पोर्ट (बॉक्सला ठेवलेलं हवेचं भोक) कुठल्या फ्रिक्वेन्सीला लावलाय आणि स्पीकरचा कोन, म्हणजे पडदा, किती आतबाहेर जाऊ शकतो यावर. चांगल्या बॉक्समधले दोन १० इंची एखाद्या बारक्या बॉक्समध्ये कोंबलेल्या १५ इंचीपेक्षा खाली जातात. शिवाय चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, तुमची पाचवी ३१ हर्ट्झची. पण आपल्याला त्या ४१ च्या तारेचा जो सूर ऐकू येतो त्याचा मोठा भाग वरच्या स्वरांशातून येतो: ८२, १२३, असा वर वर. जो बॉक्स ८० ते २०० स्वच्छ वाजवतो त्यावर तुम्हाला पट्टी चुकलेली पहिल्याच ठोक्याला कळेल. नुसता ४० हर्ट्झचा गडगडाट करणाऱ्या बॉक्सवर नाही कळणार. तुम्हाला सूर ऐकायचाय, छातीत धक्का नाही. निवड यावरूनच करा.

विष्णुपुरी

मी नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, बेस शिकायलोय. माझा प्रश्न ओहमचा. हेडवर ‘५०० वॅट ४ ओहम’ लिहिलंय आणि बॉक्स ८ ओहमचा आहे. जोडला तर जळेल का?

बालाघाट

जळणार नाही. मी अंबाजोगाईला ॲम्प आणि स्पीकर दुरुस्त करतो, कॉइल भरतो, कोन बदलतो. त्यामुळे जळतं कधी ते रोज बघतो.

४ ओहमवर ५०० वॅटचा हेड ८ ओहमच्या एका बॉक्सला ५०० देत नाही, अंदाजे तीनशेच्या आसपास देतो. बस एवढंच, बिघडत काही नाही. ८ ओहमचे दोन बॉक्स जोडले की ४ ओहम होतात, कारण बॉक्सच्या मागची दोन्ही सॉकेटं पॅरललमध्ये असतात. एकातून दुसऱ्यात केबल नेली म्हणजे सीरिज होते असा लोकांचा समज आहे, तसं नाही. आता धोका कुठं? ४ ओहमच्या बॉक्सला आणखी ८ ओहमचा जोडला की २.६७ होतात. ४ ला ४ जोडला की २. हेडवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलेलं असताना हे केलं की प्रोटेक्शनमध्ये जातो, नाहीतर आउटपुट जातो. म्हणून पहिला बॉक्स घेतानाच ८ ओहमचा घ्यायचा. ४ चा घेतला की पुढचं दार बंद.

व्हॉल्व्हवाल्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या जुन्या पद्धतीच्या ॲम्पचं उलट असतं. त्याला ओहम बरोबर जुळवून द्यावे लागतात आणि बॉक्स न जोडता तो वाजवायचाच नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. पण तसले आपल्याकडे क्वचित येतात.

दुसरं, केबल. हेडमधून बॉक्सला जाणारी केबल वेगळी असते, आत दोन जाड तारा. गिटारची केबल दिसायला तशीच, पण आत केसासारखी एक तार आणि भोवती जाळी. ती बॉक्सला लावली की तापते, वितळते, शॉर्ट होते. माझ्याकडे आलेल्या बेस ॲम्पपैकी बरेच या एका चुकीने आलेत. स्पीकॉनची पिन असलेलाच बॉक्स बघा, ती फिरवून लॉक होते आणि चुकीची केबल त्यात बसतच नाही.

तेरणा

मी धाराशिवचा. एवढे पैसे कशाला घालवायलात? डीजेवाल्यांकडून १५ इंची स्पीकर घ्या, सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचा बॉक्स करून घ्या, निम्म्यात काम होतं. माझ्या चुलत्यांनी केलाय, आख्खं गाव हलतं.

बालाघाट

तेरणा, गाव हलतं हे खरं असेल. पण डीजेच्या खालच्या बॉक्सला वर टॉप असतो, तो बाकीचं सगळं वाजवतो. बेस गिटारला तो एकच बॉक्स ४० पासून निदान तीन-चार हजार हर्ट्झपर्यंत वाजवायचा असतो. सबचा, म्हणजे नुसत्या खर्जासाठीचा स्पीकर वर जातच नाही. तार ओढल्याचा ‘टक्’ येत नाही आणि सूर कुठला ते कळत नाही.

करायचाच असेल तर मापाने करा. चांगल्या स्पीकरबरोबर थील-स्मॉल पॅरामीटर, म्हणजे त्या स्पीकरचे मोजलेले आकडे, येतात. ऑस्ट्रेलियात काम केलेल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांच्या नावावरून ते नाव पडलंय. थीलचा मूळ लेख १९६१ चा. त्या आकड्यांवरून बॉक्स किती लिटरचा आणि पोर्ट किती लांबीचा हे काढता येतं. सुतार बाहेरची मापं बघतो, ‘एवढा चौकोनी बरा दिसंल’ म्हणतो. बॉक्स वीस लिटरने चुकला की स्पीकर बदलल्यासारखा आवाज बदलतो. पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला लावलाय त्याच्या खाली कोनाला आतली हवा धरत नाही, तो मोकळा हलतो. पाच तारांच्या बेसची खालची तार तिथंच पडते. कोन फाटून येतात ते असेच. बंद बॉक्समध्ये हवा उशीसारखी धरते, म्हणून तो खाली हळूहळू उतरतो आणि जास्त सहन करतो, पण तेवढाच आवाज काढायला जागा आणि ताकद जास्त मागतो.

हेडवर हायपास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खालचं कापणारा) असेल तर तो ३५-४० हर्ट्झला लावून ठेवा. ऐकण्यात काही जात नाही, कोन वाचतो.

तेरणा

बरोबर आहे दादा, मी सबचाच विचार करत होतो. चुलत्यांना लिटरचं विचारतो.

विष्णुपुरी

पण खरा बेसचा आवाज म्हणजे आठ १० इंची आणि व्हॉल्व्हचा हेड ना? जुन्या रॉकच्या व्हिडिओत सगळ्यांच्या मागे ते कपाटच असतं.

खर्जातली

विष्णुपुरी, ते कपाट का जन्मलं ते बघ, म्हणजे तुला लागणार का ते कळेल. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी एका १५ इंची स्पीकरचा बेसमन ॲम्प. छोट्या क्लबात ते पुरायचं. साठच्या दशकात कार्यक्रम मैदानांत जायला लागले, पण आजच्यासारखी साउंड सिस्टिम नव्हती. बेसची लाइन मिक्सरला जातच नव्हती, त्यामुळे स्टेजवरच्या ॲम्पलाच मैदान भरावं लागायचं. म्हणून १९६९ मध्ये अँपेगने ३०० वॅटचा व्हॉल्व्ह हेड, एसव्हीटी, काढला आणि त्याच्याबरोबर आठ १० इंचीचे दोन बंद बॉक्स. ते दुखणं आता जालना साउंड दादांसारखी माणसं सोडवतात.

आवाज सुंदर आहे, यात शंका नाही. मी एकदा मुंबईत त्या बॉक्ससमोर उभी राहिलेय, तारेला नुसता हात लावला तरी अंगभर जाणवतं. पण एकेक बॉक्स साठ किलोच्या वर, हेड चाळीसच्या जवळ. परभणीच्या स्टँडवर एसटीत कोण चढवणार? आजचे क्लास डी हेड दोन-अडीच किलोचे असतात, पाठीवरच्या बॅगेत बसतात. निओडिमियम चुंबकाच्या स्पीकरमुळे एका १२ इंचीचा बॉक्स १२-१५ किलोंत मिळतो.

मात्र एक लक्षात ठेवा. लहान बॉक्स, खोल खर्ज आणि जास्त आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. याला हॉफमनचा नियम म्हणतात आणि तो कुठल्याही कंपनीला मोडता आलेला नाही. छोटा बॉक्स खाली जातो असं कुणी म्हटलं तर तो वॅट खातो, असं समजा.

गोदाकाठ दादा, माझं स्पष्ट मत: एकच मोठा बॉक्स घेऊ नका. हलका हेड आणि एका १२ इंचीचा ८ ओहमचा बॉक्स आत्ता घ्या. पुढच्या सीझननंतर तोच, त्याच मॉडेलचा दुसरा. कॅफेत एक न्या, लॉनवर दोन. दुसरा जोडला की कोनाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि ओहम उतरल्यामुळे हेडही जास्त देतो, त्यामुळे नुसते वॅट वाढवण्यापेक्षा हा फायदा मोठा आहे. दोन बॉक्स एकावर एक ठेवले की वरचा कानाजवळ येतो, ते तर मला वॅटपेक्षा मोलाचं वाटतं. बॉक्स पायाशी असतो आणि कान वर असतात. आपण गुडघ्यांना बेस ऐकवत असतो.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, का नको? संभाजीनगरच्या एका दुकानात दोन १० इंचींचा, एका माणसाला उचलता येणारा ५०० वॅटचा कॉम्बो वाजवून बघितला. आवडला.

खर्जातली

कॉम्बो वाईट नाही. पण आतला स्पीकर ८ ओहमचा आणि बाहेर दुसरा जोडायची सोय आहे का ते बघा. काही कॉम्बोंवर लिहिलेले वॅट बाहेरचा बॉक्स जोडल्यावरचे असतात, एकट्याला ३५० मिळतात. माझं म्हणणं इतकंच, की कॉम्बोतला ॲम्प बिघडला तर सगळाच दुरुस्तीला जातो. हेड वेगळा असला की कुणाचा तरी मागून आणता येतो.

दुकानात वाजवताना स्वतःचा बेस न्या, सगळे नॉब मधोमध ठेवा आणि बॉक्सपासून तीन मीटर लांब उभे रहा. जवळून सगळेच गोड वाजतात.

बालाघाट

आता विजेचं सांगतो, कारण ॲम्प निवडण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे आणि माहितीपत्रकात ते नसतं.

दोन वर्षांपूर्वी केजच्या बाजूला एका मंडपात मी स्वतः वाजवत होतो. जनरेटर थ्री फेजचा. कार्यक्रमाच्या मध्यात न्यूट्रलची तार सुटली. न्यूट्रल गेला की एका फेजवर लोड कमी आणि दुसऱ्यावर जास्त असेल तर कमी लोडच्या बाजूला २३० च्या जागी साडेतीनशे-चारशेपर्यंत व्होल्ट चढतात. दिवे एकदम लख्ख झाले आणि दोन सेकंदांत माझ्या हेडचा पॉवर सप्लाय, की-बोर्डचा ॲडाप्टर आणि मंडपातले पंखे गेले. माझा तो हेड मीच दुरुस्त केला, पण त्या रात्रीचे पैसे गेले आणि शेवटची अर्धी मैफल ढोलकी-टाळावर करावी लागली.

तेव्हापासून खिशात मल्टिमीटर असतो. प्लग लावायच्या आधी फेज-न्यूट्रल मोजायचे, आणि न्यूट्रल-अर्थिंगही. हमिंग येतंय म्हणून अर्थिंगची पिन तोडायची नाही, कधीच नाही. बेसच्या तारा तुमच्या हातात असतात आणि गायकाच्या ओठांना माइक लागलेला असतो. हमिंगसाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटन असतं, ते दाबा.

आणि मे महिन्यात हेड उन्हात ठेवू नका. आपल्याकडे ४२-४३ डिग्री होतं. वर टॉवेल टाकतात लोक धुळीसाठी, त्याने पंख्याची जागा बंद होते.

जालना साउंड

बालाघाट दादांचं प्रत्येक अक्षर खरं. स्टेजचं माझ्याकडून एक. आपलं स्टेज म्हणजे लोखंडी घोड्यांवर फळ्या, आतून पोकळ. त्यावर बॉक्स ठेवला की आख्खं स्टेज डफासारखं वाजतं, माइक ते ओढतात आणि घूं घूं सुरू होतं. बॉक्सखाली चार इंची जाड फोमचा तुकडा टाक, गादीवाल्याकडे मिळतो. नाहीतर खुर्चीवर ठेव.

हॉलमध्ये भिंतीपासून मीटरभर पुढे ठेवू नको. तेवढ्या अंतरावर मागून परतलेला आवाज ८५ हर्ट्झच्या आसपास पुढच्याला खातो आणि जाड तारेचा नेमका तोच स्वरांश तुला पाहिजे असतो. भिंतीला चिकटवून ठेव आणि मग लो थोडा कमी कर.

गोदाकाठ

उशिरा लिहितोय, एप्रिल सगळा धावपळीत गेला. वापरलेला क्लास डी हेड घेतला, ४ ओहमवर ५०० चा, प्री-पोस्टचं बटन आणि हायपास दोन्ही आहेत. ८ ओहमचा १२ इंचीचा एक बॉक्स नवा घेतला. स्पीकॉन केबल, फोम आणि मल्टिमीटर. पैसे संपले.

१४ एप्रिलच्या आदल्या रात्री पहिला कार्यक्रम झाला, पाथरीजवळच्या एका गावात. जनरेटर मोजला तर २५२ व्होल्ट. जनरेटरवाल्याला सांगून २३५ वर आणला, तोवर प्लग लावला नाही. बॉक्स प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून त्यावर ठेवला, कानापासून हातभर खाली. हेडचा मास्टर निम्म्यावरसुद्धा गेला नाही. मिड थोडे वाढवले, लो तसाच ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदा मी माझी तार सुटते कुठे आणि थांबते कुठे ते ऐकलं. काही ठिकाणी मी सूर फार लांबवत होतो हेही कळलं. ऑक्टोपॅडचा किक आणि मी एकत्र पडायला लागलो तसा ढोलकीवाला माझ्याकडे बघून हसला.

चौथ्या गाण्याला गायकाने परत पट्टी खाली घेतली. कुणी सांगितलं नाही. मी दुसऱ्या ठोक्याला खाली होतो.

रॉक बँडच्या तालमीत मात्र एक बॉक्स कमी पडतोय, ड्रम आणि दोन गिटार मिळून गिळून टाकतात. दुसरा दिवाळीनंतर घेईन. दुकानात तोच मॉडेल नाही, दुसऱ्या कंपनीचा ८ ओहमचा दोन १० इंचींचा आहे. चालेल का?

बालाघाट

हेडला चालेल, ४ ओहमच होतात. पण दोन्ही बॉक्सना व्होल्टेज सारखंच जातं. एकात त्या वॅटला एक स्पीकर आहे, दुसऱ्यात दोन. तुझ्या १२ इंचीची सोसायची मर्यादा आधी गाठली जाईल. शिवाय पोर्ट वेगळ्या ठिकाणी लावलेले असले की काही सुरांवर दोन्ही एकमेकांना मारतात. थांब, तोच मागव.

खर्जातली

माझ्याकडे त्याच मॉडेलचा आहे दादा. तालमीला संभाजीनगरला याल तेव्हा कळवा, माझा घेऊन येते. दोन्ही एकावर एक लावून बघा, मग पैसे घाला.

जालना साउंड

डीआय प्रीवर होता ना त्या रात्री?

गोदाकाठ

प्रीवरच होता दादा. साउंडवाल्याने शेवटी येऊन विचारलं, बॉक्सखाली खुर्च्या कुणी ठेवायला सांगितल्या म्हणून. ताई, पुढच्या रविवारी येतो, सकाळच्या गाडीने.